डँडेनॉन्गच्या घराची राज्यघटना

अण्णा,

आठवीत असताना तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर छडी मारलीत, ती चहावरून. अमेरिकेतल्या लोकांनी बोस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात का फेकला, असा तुमचा प्रश्न होता. मी हात वर केला आणि म्हणाले, चहा महाग केला म्हणून. "हात पुढे कर," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, उत्तर बरोबर आलं म्हणून काहीतरी देताय. छडी तळव्यावर बसली तेव्हा मी हसतच होते. "चहा स्वस्त केला होता," तुम्ही वर्गाला सांगितलंत, माझ्याकडे न बघता. "स्वस्त करून त्यावर कर तेवढा ठेवला होता. महाग झाला म्हणून भांडतं ते गिऱ्हाईक. स्वस्त मिळत असूनही, आम्हाला न विचारता कर लावायचा तुम्हाला अधिकार काय, असं जो विचारतो तो नागरिक. बसा खाली, गिऱ्हाईक." पुढचं सगळं वर्ष वर्गातल्या मुली मला गिऱ्हाईक म्हणत होत्या. तुम्ही ते ऐकलं होतंत. एकदा तर ओठांतल्या ओठांत हसलातही.

तो धडा पुस्तकात जेमतेम चार पानांचा, पण तुम्ही तो तीन आठवडे शिकवायचात. जुन्या पांढऱ्या धोतरावर तुम्ही तेरा वसाहतींचा नकाशा रंगवला होता आणि तो फळ्यावर टांगून छडीने एकेक वसाहत दाखवायचात. बार्शीच्या त्या पत्र्याच्या वर्गात, घामाने पाठ भिजलेली असताना, तुम्ही सांगत असायचात की राज्य चालवणाऱ्याला रयतेची संमती लागते, आणि तुमचा आवाज असा चढायचा की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर शिकवायचे थांबायचे. मग पाच वाजता आपण दोघं एकाच रस्त्याने घरी यायचो. तुम्ही पुढे, मी वीस पावलं मागे. घरी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी असायची. मला एक दुपार दिसते. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे, बॅग भरलेली आहे, अंगावर ठेवणीतली हिरवी साडी आहे. "मी निघू का?" ती विचारते. तुम्ही पेपर वाचताय. तुम्ही नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, मानही वर करत नाही. पान उलटता. ती पुन्हा विचारते. तुम्ही पुन्हा पान उलटता. एसटी चुकेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग आत जाऊन साडी बदलून आली आणि कणीक मळायला बसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात सांगत होतात की वसाहतींनी राजाकडे नम्रपणे अर्ज पाठवला आणि राजाने तो हातातसुद्धा घेतला नाही. "यापेक्षा मोठा अपमान नाही," तुम्ही म्हणालात. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला खरंच काही दिसत नव्हतं, अण्णा, की दिसत होतं?

मेलबर्नला आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ती वर्षं अशी होती की पुण्यातल्या प्रत्येक एजंटच्या काचेवर ऑस्ट्रेलियाचा झेंडा लावलेला असायचा. मामाने सगळी सोय केली. कुकरीचा कोर्स करायचा, मग पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळते, असं सरळ गणित होतं, आणि तुमच्यापासून तेवढं लांब जाण्यासाठी मी काहीही शिकायला तयार होते. निघायच्या दिवशी मी पाया पडायला वाकले तेव्हा तुम्ही म्हणालात, "स्वयंपाक शिकायला समुद्र ओलांडणारी आपल्या घराण्यातली तू पहिली. तुझ्या आईला ते घरातच जमलं." शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना मात्र तुम्ही सांगितलंत की मुलगी हॉटेल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करते. स्टँडवर सोडायला आई आली. तुम्ही आला नाहीत.

कॉलेज कार्पेटच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, आणि राहायला मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात विटांचं एक बैठं घर. घर ताईंचं नव्हतं, पण लीज, म्हणजे भाडेकरार, ताईंच्या नावावर होतं, त्यामुळे आमच्यासाठी ते ताईंचंच. ताई मूळच्या ठाण्याच्या, मेलबर्नमध्ये दहा वर्षं काढलेल्या, एकट्या. पुढची खोली त्यांची. मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघी: मी आणि लुधियानाची एक मुलगी, शेजारच्या खोलीत हैदराबादच्या दोघी मैत्रिणी. पाचवी वसईची होती, ख्रिश्चन, मराठी बोलणारी, वृद्धांची सेवा करायचा कोर्स घेतलेली. तिला खोली नव्हती. ती लाउंजमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, दोरीवर चादर टाकून केलेल्या पडद्यामागे झोपायची. फ्रिजवर ताईंचे नियम चिकटवलेले असत आणि दर आठवड्याला त्यांत भर पडे. अंघोळीला चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला ताई बाहेरून गरम पाण्याचा नळ बंद करायच्या. आमची पत्रं त्या फोडायच्या, वाचायच्या आणि टेबलावर उघडी ठेवायच्या. हैदराबादच्या एकीचा साखरपुडा मोडल्याचं आम्हाला तिच्याआधी ताईंकडून कळलं, जेवताना, सगळ्यांसमोर. "चला, आता अभ्यासात तरी लक्ष लागेल," असं त्या म्हणाल्या आणि भाताचं भांडं पुढे सरकवलं.

जुलैच्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी लाउंजमधला हीटर काढून आपल्या खोलीत नेला. आम्ही चौघी गप्प बसलो, कारण आमच्या खोल्यांना दारं होती. बोलली ती वसईची. ओट्यापाशी उभी राहून, हातातला कप खाली ठेवून, अगदी शांतपणे: "ताई, हीटर न्यायचा तर न्या. पण आधी विचारलं का नाही? आम्हीही इथे राहतो." ताई हसल्या. "पडद्यामागे राहणाऱ्यांना विचारायची पद्धत नाही आमच्यात." आणि माझा तळवा चुरचुरला, अण्णा. खरंच चुरचुरला. सहा महिने मी कुरकुरत होते ते पाण्यावरून आणि हीटरवरून, गिऱ्हाइकासारखी. खरा प्रश्न त्या मुलीने विचारला होता, आणि तिने तर तुमचा धडा ऐकलाही नव्हता.

त्या रविवारी दुपारी मी पार्कमध्ये बसून तुम्हाला फोन केला. एरवी आपलं बोलणं तब्येत आणि हवामान यांत संपायचं. त्या दिवशी ताईंचं सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही पाऊण तास बोललात. तुमचा आवाज वर्गातला झाला. "आधी अर्ज करा," तुम्ही म्हणालात. "त्या वसाहतींनीही बंदुका उचलल्या तरी अर्ज करणं सोडलं नव्हतं. न वाचलेला अर्ज फार उपयोगाचा असतो. आणि तक्रारी लिहाल तेव्हा मुद्देसूद लिहा. त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली सुरुवातीची वाक्यंच लोक पाठ करतात, पण निम्म्याहून जास्त कागद तक्रारींचा आहे. राजाने हे केलं. राजाने ते केलं. एकेक ओळ. चिडून लिहू नका. यादी करा." मी गवतावर बसून लिहून घेत होते आणि मला वाटत होतं, हा माणूस घरी का नव्हता कधी?

आम्ही यादी केली. ताईंनी असं केलं, ताईंनी तसं केलं. अकरा ओळी. पाचही जणींनी सह्या केल्या, सगळ्यात वर वसईचीची सही, कारण ताईंच्या हातात कागद द्यायला तीच तयार झाली. ताईंनी तो उलगडलाही नाही. बटाटे सोलत होत्या, सालं त्यात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "मेट, नको असेल तर दार उघडं आहे," त्या इथल्या गोऱ्यांच्या ढंगात वसईचीला म्हणाल्या, आम्ही चौघी मागे उभ्या असताना. तीन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी आम्ही पाचही जणी सुपरमार्केटच्या ट्रॉलीत गाद्या घालून दोन गल्ल्या पलीकडच्या घरात गेलो. ताई दारात उभ्या होत्या. त्यांना एकटीला ते घर परवडणार नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. लुधियानाची जाताजाता मोठ्याने म्हणाली, "आंटी, अब दस मिनट नहाना!" आम्ही रस्ताभर हसत होतो. ताईंचा चेहरा मी नंतर पुष्कळदा आठवला आहे. तेव्हा मला फार मजा वाटली होती.

नव्या घरात पहिले दोन महिने कुणाचंच राज्य नव्हतं. कचऱ्याचा डबा कुणी बाहेर ठेवेना, कुणाचं दूध कोण पितं कळेना, आणि काही बोललं की, "तू ताई झालीस का?" असं उत्तर यायचं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खूश झालात. "अगदी असंच झालं होतं! तेरा राज्यं, आणि कुणी कुणाचं ऐकेना. राजाला घालवणं सोपं. मग त्यांनी भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून, दाराशी पहारा ठेवून नवी राज्यघटना लिहिली. तुम्हीही लिहा." मग आम्ही लिहिली. शंभर पानी वही, निळं पेन, माझं अक्षर. कामांच्या पाळ्या. भांडण झालं तर मतदान. कुणाला घराबाहेर काढायचं असेल तर चारपैकी तीन मतं लागतील, म्हणजे कुणा एकीची मनमानी चालायला नको. हे कलम मी घातलं आणि मला त्याचा अभिमान होता.

चारपैकी, असं मी लिहिलं. पाचपैकी नाही. घर भाड्याने देणाऱ्या एजंटने लीजवर चारच नावं घेतली होती. वसईचीकडे नोकरीची कागदपत्रं पुरेशी नव्हती, त्यामुळे तिचं नाव राहिलं आणि इथेही तिच्या वाट्याला लाउंज आणि चादर आली. "लीज पे नाम नहीं तो वोट कैसे, यार?" लुधियानाची म्हणाली. हैदराबादच्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण वही माझ्यापुढे होती. वसईचीसुद्धा बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "कामाच्या पाळीत तिला धरू. मतात नको. कायद्याने ती भाडेकरू नाही." तिने मान हलवली. "नो वरीज," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला वही वाचून दाखवली. तुम्ही मध्ये एकदाही टोकलं नाहीत. शेवटी विचारलंत, "चार मतं? राहता तर पाच जणी." मी कारण सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "शाबास. त्यांनीही असंच केलं. सगळी माणसं समान, असं लिहिणाऱ्यांच्या घरात गुलाम होते. घटना करताना मालकांच्या जागा वाढाव्यात म्हणून पाच गुलामांची तीन माणसं मोजली आणि मत एकालाही दिलं नाही. तू तर मोजलीसुद्धा नाहीस. तेव्हाही गिऱ्हाईक होतीस, आताही गिऱ्हाईकच."

मी चिडले. तुमचं बरोबर होतं म्हणून जास्तच. "आपल्या घरात आईची किती मतं होती, अण्णा?" मी विचारलं. "तीन पंचमांश तरी होतं का?" मला ठाऊक होतं की आई तिथेच, तुमच्या खुर्चीच्या मागे उभी असणार, कारण तुमचं झाल्यावर दोन मिनिटं तिला फोन मिळायचा. तुम्ही फोन ठेवलात. त्या रविवारी तिला तो मिळाला नाही. पुढे आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आईने नंतर सांगितलं की त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मला बरं वाटलं. हे लपवण्यात आता अर्थ नाही. मला फार बरं वाटलं.

त्याच आठ महिन्यांत जे झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वसईचीचं कॉलेज बंद पडलं. सकाळी गेली तर दाराला कुलूप आणि काचेवर एक कागद. त्या काळात अशी कॉलेजं पटापट बंद होत होती. ती घरी आली, चपलाही न काढता लाउंजमध्ये बसून राहिली. सरकारकडून पत्र आलं ते मीच तिला समजावून सांगितलं: नव्या कॉलेजात नाव घालायला मुदत होती, तोवर ती कायद्याने विद्यार्थिनीच होती, घाबरायचं कारण नव्हतं. हे सगळं मी वाचलं होतं. पण माझा पीआरचा अर्ज तेव्हा सरकारकडे विचाराधीन होता. लुधियानाचीचाही. "इमिग्रेशनवाले इसके पीछे घर आएँगे तो सबकी फाइल खुलेगी," ती रोज म्हणायला लागली, आणि मी तिला एकदाही सांगितलं नाही की असं काही होणार नाही. मलाही भीती वाटत होती. आणि भीतीपेक्षाही, आता वाटतं, ती मुलगी समोर आली की मला तुमचा आवाज ऐकू यायचा.

शनिवारी दुपारी मतदान झालं. चौघी टेबलाशी बसलो. ती दोन हातांच्या अंतरावर, फ्रिजला टेकून उभी. लुधियानाचीने हात वर केला. हैदराबादच्या एकीने केला. दुसरीने केला नाही आणि ती रडायला लागली. दोन मतं झाली. तिसरं माझं.

"मला काही बोलता येईल?" वसईचीने विचारलं.

मी वही उघडली. खरंच उघडली, अण्णा, आणि पानं चाळली, जणू काही आत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"तशी तरतूद नाही," मी म्हणाले आणि हात वर केला.

त्या दिवशी भांड्यांची पाळी तिची होती. तिने भांडी घासली. ओटा पुसला, फडका पिळून नळावर वाळत घातला. मग चादर दोरीवरून काढली, घडी केली, बॅग भरली. आम्ही तिघी खोल्यांत दारं लावून बसलो होतो. दुसरी हैदराबादवाली तिच्याबरोबर ताईंच्या फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन तिने आम्हाला सांगितलं की ती ताईंकडे गेली. ताईंनी दार उघडलं, काही विचारलं नाही, आणि बॅग आत घेतली. मागच्या खोल्यांत तोवर नव्या भाडेकरू मुली आल्या होत्या, म्हणून आपली पुढची खोली तिला दिली. पुढच्याच आठवड्यात तिला गाडीत घालून तीन-चार कॉलेजं हिंडल्या आणि एकात नाव घातलं. तुम्ही एकदा ओझरतं शिकवलं होतंत की त्या लढाईत हजारो गुलाम पळून राजाच्या फौजेला जाऊन मिळाले, कारण स्वातंत्र्य द्यायचं वचन राजाच्या बाजूने आलं होतं. परीक्षेला ते नसायचं, म्हणून मी कधी वाचलं नाही.

ती आता सिडनीला, केलीव्हिलमध्ये असते. एका वृद्धाश्रमात मोठ्या हुद्द्यावर आहे, असं ऐकते. ताई शेवटी आजारी पडल्या तेव्हा तिनेच त्यांना आपल्याकडे नेलं. आमच्या राज्यघटनेचं म्हणाल तर ती वर्षभरही टिकली नाही. एकदा हात वर करून माणूस काढता येतो हे कळल्यावर जी ती दुसरीचा हात मोजायला लागली. शेवटी मी आणि लुधियानाची उरलो आणि आम्हीही एकमेकींचं तोंड न बघता वेगळ्या झालो. मला पीआर मिळाली, मग नागरिकत्व. शपथ घेतली त्या दिवशी कौन्सिलच्या हॉलमध्ये सगळ्यांना एकेक रोपटं दिलं. माझं आठवड्यात वाळलं.

मग लग्न, मेलबर्नच्याच ट्रुगानिना उपनगरात घर, मुलगी. मग आई गेली. मी आले, तेरा दिवस राहिले. तुम्हाला चहा करता येत नव्हता, गॅस कसा लावायचा तेही ठाऊक नव्हतं. मी शिकवलं नाही. परत आल्यावर एक दिवस, इथे सकाळ होती, मी मुलीचा डबा भरत होते, तुमचा फोन आला. तुम्ही हवामान विचारलंत. मुलीचं विचारलंत. मग म्हणालात, "मी तिकडे येऊन राहिलो तर चालेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही घरातल्या कुणाला काही विचारलं होतंत. सत्तराव्या वर्षी, अडखळत, मध्येच खोकून. नवरा शेजारी उभा होता, त्याला ऐकू आलं, तो मान हलवून हो हो म्हणत होता. बोलवून घे, असं हाताने सांगत होता. मी म्हणाले, "व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, अण्णा. करते." तुम्ही दर रविवारी विचारायचात. काय म्हणतंय सरकार? मी म्हणायचे, वेळ लागतो. चार महिन्यांनी मी तुम्हाला सांगितलं की सरकारने नाही म्हटलं. नवऱ्याला सांगितलं की अण्णांनीच बेत बदलला, त्यांना बार्शी सोडवत नाही.

तुम्ही मलाच समजावलंत. "वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांचा देश, त्यांचा कायदा. नियमाने नाही म्हटलं तर त्यात अपमान नसतो." पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. शेजाऱ्यांनी सांगितलं, दोन दिवस पेपर दारातच पडला होता, तेव्हा त्यांना शंका आली.

याला आता अकरा वर्षं झाली. मुलगी आत्ता येऊन माझ्या खांद्यावरून बघून गेली. "मम, हू आर यू रायटिंग टू?" तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी कागद झाकला नाही. बार्शीच्या पत्त्यावर आता दुसरं कुटुंब राहतं, आणि पत्ता असता तरी हे मी टाकलं नसतं. एवढंच लिहायचं होतं, आणि त्यासाठी इतकी पानं घालवली. सरकारने तुम्हाला नाही म्हटलं नव्हतं, अण्णा. मी अर्ज केलाच नव्हता.